मित्राच्या संगणकात पाणी सोडण्यापूर्वी

मराठीत एखाद्या वस्तूवर ‘पाणी सोडणे’ म्हणजे तिची आशा सोडून देणे. संगणकाच्या बाबतीत हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरू शकतो, हे टेबलावर चहाचा कप कलंडलेला कोणीही सांगेल. वीज आणि पाणी यांचे वैर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. तरीही हौशी मंडळी आपल्या हाताने संगणकाच्या पोटात अर्धा-एक लिटर द्रव खेळवतात, काचेच्या नळ्यांसारख्या दिसणाऱ्या नळ्यांतून तो प्रोसेसरपर्यंत नेतात आणि त्यावर निळ्या-जांभळ्या दिव्यांचा प्रकाश सोडतात. काचेच्या पडद्याआडची ही छोटीशी मयसभा पाहायला आलेल्या मित्रांपैकी कोणीतरी मग हमखास म्हणतो, “माझ्याही मशिनला असंच करून दे ना!”

खरी परीक्षा येथे सुरू होते. स्वतःच्या संगणकावर केलेला प्रयोग फसला, तर नुकसान स्वतःचे असते. मित्राच्या संगणकात मात्र त्याच्या घामाचे पैसे असतात, लग्नाची छायाचित्रे असतात, प्रबंधाचा मसुदा किंवा दुकानाचे हिशेब असतात. जलशीतन आणि प्रकाशयोजना यांचे तंत्र अवघड नाही. पण ते नीट समजून घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या यंत्राला हात लावणे धोक्याचे आहे.

उष्णता येते कोठून?

संगणकाने वापरलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत बदलते. इंटेलचा १९९३ मधील पहिला पेंटियम प्रोसेसर पूर्ण भाराखाली सुमारे १६ वॅट वीज घेत असे; म्हणजे देवघरातल्या छोट्या दिव्याएवढी. २००४ मध्ये आलेल्या ‘प्रेस्कॉट’ पिढीतील पेंटियम ४ च्या वरच्या श्रेणींनी १०० वॅटचा टप्पा ओलांडला. २०२२ मध्ये आलेल्या ‘कोअर आय९-१३९००के’ या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. ग्राफिक्स कार्डांची भूक त्याहून मोठी. एनव्हिडियाचे ‘आरटीएक्स ४०९०’ (२०२२) ४५० वॅटचे, तर ‘आरटीएक्स ५०९०’ (२०२५) ५७५ वॅटचे आहे.

आकडा मोठा आहेच. पण खरी अडचण जागेची आहे. प्रोसेसरमधील सिलिकॉनचा तुकडा दोन-अडीच चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा असतो. कपड्यांच्या इस्त्रीची उष्णता तिच्या रुंद तळावर पसरते. येथे दोनशे-अडीचशे वॅट नखाएवढ्या जागेतून बाहेर पडू पाहतात. ती उष्णता वेळेवर हलवली नाही, तर काही क्षणांत तापमान मर्यादेपलीकडे जाते.

आजचे प्रोसेसर स्वतःचे रक्षण करतात. तापमान ठरावीक मर्यादेला, बहुतेकदा ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास, पोहोचले की ते आपला वेग कमी करतात. पूर्वी सर्वच प्रोसेसरांना ही सोय नव्हती. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने चालू संगणकातील प्रोसेसरवरचा हीट सिंक काढून काय होते ते दाखवले होते. त्यात पेंटियम ४ ने वेग उतरवून जीव वाचवला. एएमडीचा अॅथलॉन मात्र पाहता पाहता धूर सोडत जळाला.

पाणी हा हमाल

जलशीतनाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ‘पाणी संगणक थंड करते’ हा. पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकते. ते हमाल आहे. पण हमाल म्हणून त्याला तोड नाही.

एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत ही क्षमता सुमारे साडेतीन हजार पट आहे. हिशेब मांडून पाहावा. मिनिटाला चार लिटर पाणी फिरते आहे आणि प्रोसेसरमधून ३०० वॅट उष्णता येते आहे, असे धरले, तर एका फेरीत पाणी जेमतेम एका अंशाने तापते. तीच उष्णता हवेला केवळ दहा अंशांनी तापवून न्यायची म्हटली, तर मिनिटाला सुमारे १५०० लिटर हवा खेळवावी लागेल.

या हिशेबातून दोन गोष्टी आपोआप कळतात. पहिली म्हणजे, पाणी सर्व फेरीभर जवळपास एकाच तापमानाचे असते. त्यामुळे ते आधी प्रोसेसरकडे न्यावे की ग्राफिक्स कार्डाकडे, यावर हौशी मंडळींत रंगणाऱ्या वादाला फारसा अर्थ नाही; नळ्या सरळ आणि आखूड राहतील तो क्रम चांगला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाण्याने उचललेले ओझे अखेर खोलीतल्या हवेतच टाकायचे असते. म्हणून साध्या जलशीतनाने कोणताही भाग खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. खोलीचे तापमान पाच अंशांनी वाढले, की पाण्याचे आणि प्रोसेसरचेही जवळपास तेवढ्यानेच वाढते. मे महिन्यात नागपूर, अकोला किंवा जळगावच्या बंद खोलीत ठेवलेल्या संगणकाला पुण्यातल्या डिसेंबरमधील आकडे कोणतीही नळी मिळवून देणार नाही.

महासंगणकातून माजघरात

ही कल्पना हौशी मंडळींची नव्हे. आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेल्या ‘३०८१’ या मेनफ्रेम संगणकात चिपवर दाबून बसणाऱ्या छोट्या दट्ट्यांमधून उष्णता बाहेर काढून ती गार पाण्याच्या हवाली केली जाई. सेमूर क्रे यांच्या ‘क्रे-२’ या महासंगणकाने १९८५ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. त्याच्या विद्युतपट्ट्याच वीज वाहू न देणाऱ्या ‘फ्लोरिनर्ट’ या द्रवात बुडवलेल्या होत्या.

घरातल्या संगणकात पाणी आले ते मात्र वेगळ्या वाटेने. १९९८ मध्ये इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर आला. मदरबोर्डवरील मूळ ठोक्याची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली, की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ४५० वर धावू लागे. कमी पैशांत महागड्या प्रोसेसरचा वेग मिळवण्याच्या या नादाला ‘ओव्हरक्लॉकिंग’ हे नाव रुळले. वेग वाढला तशी उष्णताही वाढली आणि सोबत आलेला पंखा अपुरा पडू लागला.

तेव्हा तयार सामान बाजारात फारसे नव्हते. मग जे हाताशी होते ते वापरले गेले. माशांच्या टाकीतला पंप घेतला गेला. जर्मन बनावटीच्या ‘एहाइम’ पंपांना त्या काळी विशेष मान होता. रेडिएटर म्हणून मोटारीच्या हीटरची जाळी आली. अमेरिकेत १९७७ च्या पाँटियाक बॉनव्हिल गाडीची जाळी या कामासाठी प्रसिद्धच झाली. तांब्याचा ठोकळा कोरून प्रोसेसरवर बसवला जाई. अमेरिकेतील ‘क्वेककॉन’ आणि स्वीडनमधील ‘ड्रीमहॅक’ यांसारख्या मेळाव्यांना खेळाडू आपापले संगणक उचलून आणत. तेथे वेगाबरोबर देखणेपणाचीही चढाओढ लागली. कॅबिनेटची बाजू करवतीने कापून त्यात अॅक्रिलिकची खिडकी बसवणे आणि आत दिवे लावणे येथूनच फोफावले.

उद्योगानेही मग हे तंत्र आपलेसे केले. अॅपलने २००४ मध्ये ‘पॉवर मॅक जी५’च्या सर्वांत वेगवान मॉडेलमध्ये द्रवशीतन कारखान्यातच बसवून दिले. डेन्मार्कच्या असेटेक कंपनीच्या तंत्रावर आधारलेला कोर्सेअरचा ‘एच५०’ हा बंदिस्त संच २००९ मध्ये आला आणि पाणी भरण्याची कटकट नको असलेल्यांसाठी मार्ग खुला झाला. पुण्यातील ‘आयसर’ या संस्थेत २०१९ मध्ये उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या सी-डॅकच्या महासंगणकातही प्रोसेसरला थेट भिडणाऱ्या द्रवशीतनाचाच आधार घेतला आहे. मित्राच्या कॅबिनेटमधली नळी आणि तिथली नळी यांत प्रमाणाचा फरक आहे, तत्त्वाचा नाही.

फेरीतले मानकरी

पाण्याच्या बंद फेरीला ‘लूप’ म्हणतात. तिचे मुख्य भाग पाच.

पहिला वॉटर ब्लॉक. हा तांब्याचा ठोकळा प्रोसेसरवर घट्ट बसतो. त्याच्या आत केसाएवढ्या बारीक खाचा कोरलेल्या असतात, म्हणजे पाण्याला धातूचा जास्तीत जास्त स्पर्श होतो. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. हा थर म्हणजे पृष्ठभागांवरील सूक्ष्म खड्डे भरणारी लांबी होय. जाड लावल्याने फायदा होत नाही, उलट अडथळा होतो.

दुसरा पंप. हौशी मंडळींत ‘डी५’ आणि ‘डीडीसी’ हे १२ व्होल्टवर चालणारे दोन प्रकार सर्वाधिक रूढ आहेत. या पंपांचे वंगण पाणी हेच असते. त्यामुळे ते क्षणभरही कोरडे चालवू नयेत.

तिसरी टाकी, म्हणजे रिझर्व्हायर. ती पंपाच्या वरच्या पातळीवर हवी, म्हणजे पाणी आपल्या वजनाने पंपात उतरते. फेरीतले बुडबुडे येथेच वर येऊन निघून जातात.

चौथा रेडिएटर. त्याचे माप पंख्यांवरून ठरते. १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसणारा तो २४० चा, तीन बसणारा ३६० चा. १२० मिलिमीटरच्या प्रत्येक भागामागे १०० ते १५० वॅट असा ढोबळ हिशेब हौशी मंडळी धरतात. उन्हाळा कडक असलेल्या गावात खालचा आकडा धरलेला बरा. रेडिएटर मोठा असला, की पंखे सावकाश फिरले तरी चालतात आणि आवाज घटतो. अनेकांसाठी जलशीतनाचा खरा लाभ तापमानापेक्षा ही शांतता हाच असतो.

पाचवा भाग नळ्यांचा आणि जोडांचा. मऊ नळी नवशिक्याला सोयीची. चूक झाली तर तुकडा कापून पुन्हा बसवता येतो. कडक नळ्या अॅक्रिलिकच्या किंवा ‘पीईटीजी’ या प्लास्टिकच्या असतात. आत सिलिकॉनची दोरी घालून, हीट गनने तापवून त्या वाकवतात. पीईटीजी वाकवायला सोपी, पण अॅक्रिलिकपेक्षा कमी तापमानालाच मऊ पडते. प्रत्येक जोडात रबराचे वर्तुळाकार वॉशर असते. पाणी गळण्याची बहुतेक प्रकरणे या चार आण्याच्या वॉशरपाशी येऊन थांबतात. ते चिरलेले असते, दुमडलेले असते किंवा पान्याने नको तेवढे आवळल्यामुळे चेपलेले असते. जोड हाताने घट्ट करावा आणि मग पान्याने किंचितच फिरवावा.

पाणी कोणते, धातू कोणते?

नळाचे पाणी वापरू नये. बोअरचे तर मुळीच नाही. त्यातील क्षार वॉटर ब्लॉकच्या बारीक खाचांत साठतात. गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर आठवावा. घरातल्या आरओ यंत्राच्या पाण्यातही काही क्षार उरतात. वापरावे ते डिस्टिल्ड वॉटर. त्यात शेवाळ न धरू देणारे आणि गंज रोखणारे द्रव्य ठरावीक प्रमाणात मिसळावे किंवा तयार मिश्रण घ्यावे.

शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक आहे, म्हणून ते सांडले तरी काही बिघडत नाही, असे काही जण छातीठोकपणे सांगतात. हे अर्धसत्य आहे. फेरीत फिरताना ते पाणी धातूंचे आणि रंगांचे कण उचलते. मदरबोर्डवर पडल्यावर तेथील धूळही त्यात विरघळते. मग ते शुद्ध उरत नाही.

धातूंची संगत त्याहून घातक ठरू शकते. तांबे आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले, की फेरीचेच विद्युतघट बनते आणि अॅल्युमिनियम झिजू लागते. ब्लॉक तांब्याचा असेल, तर रेडिएटरही तांब्या-पितळेचा हवा. स्वस्तातला अॅल्युमिनियमचा रेडिएटर पहिल्या दिवशी उत्तमच चालतो. त्याची किंमत पुढे मोजावी लागते आणि ती मित्र मोजतो.

रंगीत द्रवांचेही असेच आहे. दुधासारखे दिसणारे अपारदर्शक द्रव सुंदर दिसतात. पण त्यांतील रंगाचे कण कालांतराने खाली बसतात आणि खाचा तुंबवतात. रंग हवाच असेल, तर पाणी स्वच्छ ठेवून तो दिव्यांतून आणणे शहाणपणाचे.

कामाचा क्रम

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, खरेदीला निघण्यापूर्वी टेप घेऊन कॅबिनेटची आतली मापे घ्यावीत. रेडिएटर आणि पंखे मिळून पाच-सहा सेंटिमीटर जाडी होते. ती रॅमच्या पट्ट्यांना किंवा मदरबोर्डच्या कडेला अडते, हे घरी आल्यावर कळून उपयोग नसतो. आधी दिवे आणि मग रेडिएटर असा क्रम लावणे म्हणजे आधी कळस मग पाया.

त्याहीआधीचे एक काम हौसेच्या भरात हमखास राहून जाते. संगणक उघडण्यापूर्वी त्यातील सर्व महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती प्रत उघडते का, हे मित्रासमक्ष पाहावे. मदरबोर्ड बाजारात पुन्हा मिळतो. वडिलांचा शेवटचा व्हिडिओ मिळत नाही.

यानंतर जुना पंखा काढावा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, ब्लॉक कर्णरेषेतले स्क्रू आलटून पालटून आवळत बसवावा. नवा रेडिएटर आधी डिस्टिल्ड वॉटरने तीन-चार वेळा खळखळून घ्यावा. कारखान्यातील डागकामाचे अवशेष त्यात उरलेले असतात.

पाणी भरल्यानंतरची चाचणी हा या कामाचा आत्मा आहे. ती करताना मदरबोर्डला, ग्राफिक्स कार्डाला आणि डिस्कना वीज द्यायची नाही. एसएमपीएसवरून फक्त पंप चालवायचा. त्यासाठी एसएमपीएसच्या २४ पिनांच्या जोडाला लावण्याची छोटी खूणटोपी बाजारात मिळते. ती लावली, की मदरबोर्डशिवाय एसएमपीएस सुरू होतो. प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू कागद ठेवावा. थेंब पडला तर डाग लगेच दिसतो. टाकी भरावी, पंप काही क्षण चालवावा, पातळी उतरली की थांबवून पुन्हा भरावी. कॅबिनेट हलकेच तिरके करत अडकलेली हवा बाहेर काढावी. अशा रीतीने किमान २४ तास पंप चालू ठेवावा. ज्यांच्याजवळ हवेचा दाब तपासण्याचा हातपंप आहे, त्यांनी पाणी भरण्याआधीच फेरीत हवा भरून काटा खाली येतो का, ते पाहावे. हा उपाय अधिक सुरक्षित आहे. हवा गळली तर काही भिजत नाही.

रात्री अकराला जोडणी संपली आणि समोर मित्र उत्सुकतेने बसला असला, की हे २४ तास फार लांब वाटतात. नेमके तेच तास वाचवू नयेत.

दिव्यांची गोष्ट

संगणकातील रोषणाईलाही स्वतःचा इतिहास आहे. २००० च्या दशकाच्या आरंभी कॅबिनेटमध्ये ‘कोल्ड कॅथोड’ नळ्या लावत. या पेन्सिलीएवढ्या बारीक ट्यूबलाइटच होत. १२ व्होल्टचा दाब शेकडो व्होल्टपर्यंत चढवणारा छोटा इन्व्हर्टर त्यांना लागे. अतिनील प्रकाशाच्या नळ्या विशेष लोकप्रिय होत्या. डोळ्यांना जवळपास न दिसणारा हा प्रकाश पाण्यात मिसळलेले प्रतिदीप्त द्रव्य शोषून घेई आणि हिरव्या किंवा निळ्या रंगात परत टाकी. अंधाऱ्या खोलीत पाणी स्वतःच पेटल्यासारखे दिसे.

एलईडीने हे चित्र पालटले. लाल आणि हिरवे एलईडी पूर्वीपासून होते. पुरेसा तेजस्वी निळा मात्र १९९० च्या दशकातच साधला. या शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा हाती आल्यावरच लाल-हिरवा-निळा हे त्रिकूट पूर्ण झाले आणि एकाच दिव्यातून हवा तो रंग काढणे शक्य झाले. आज मदरबोर्ड, रॅम, पंखे, वॉटर ब्लॉक अशा सर्वांवर हे दिवे असतात.

त्यांच्या दोन जाती ओळखता आल्या पाहिजेत. एक १२ व्होल्टची, चार पिनांची. तिच्यात पट्टीवरचे सर्व दिवे एकाच वेळी एकाच रंगाचे होतात. दुसरी ५ व्होल्टची, तीन पिनांची. तिच्यात प्रत्येक दिव्याला स्वतंत्र आज्ञा देता येते आणि रंग लाटेसारखे धावतात. दोन्हींचे जोड दिसायला सारखेच असतात. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या जागी खुपसली, तर ती कायमची जळते.

विजेचा हिशेबही ठेवावा लागतो. दुसऱ्या प्रकारातील एक दिवा पूर्ण पांढरा पेटला, की सुमारे ६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. असे ६० दिवे म्हणजे ३.६ अँपिअर. मदरबोर्डवरील अशा एका जोडाची मर्यादा बहुधा ३ अँपिअर असते. दिवे जास्त असतील, तर एसएमपीएसवरून थेट वीज घेणारा वेगळा नियंत्रक लावावा.

सौंदर्याच्या बाबतीत मात्र संयम हाच नियम. दिवा स्वतः दिसू नये, त्याचा उजेड दिसावा. पट्टी कॅबिनेटच्या कडेमागे लपवावी. एक किंवा दोन रंग पुरतात. ज्या खोलीत मित्राचे आई-वडीलही झोपतात, तेथे रात्रभर रंग बदलणारा संगणक तिसऱ्या दिवशी भांडणाचे कारण होतो. म्हणून दिवे एका कळीने बंद करण्याची सोय हवीच.

आपल्या हवेतले धडे

परदेशी मार्गदर्शिका वाचून काम करणाऱ्यांनी आपली हवा विसरू नये. येथे धूळ अधिक. रेडिएटरच्या जाळीत ती बसली, की उत्तम पंपही हतबल होतो. हवा आत घेणाऱ्या पंख्यांवर धुता येणारी जाळी लावावी आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी. मग फटींतून धूळ शिरत नाही.

मुंबई-कोकणात दमटपणाची भीती अनेकांना वाटते. साधे जलशीतन खोलीच्या तापमानाखाली जात नसल्याने त्याच्या नळ्यांवर दव साठत नाही. मात्र टाकीत बर्फ टाकण्याचे किंवा पाणी गार करणारे यंत्र जोडण्याचे उपद्व्याप येथे करू नयेत. पावसाळ्यातल्या मुंबईत फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जसा घाम फुटतो, तसाच तो मदरबोर्डवर फुटेल.

आणि अर्थिंग. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटची तिसरी वायर अनेकदा नावालाच असते. धातूच्या कॅबिनेटमध्ये पाणी आणि वीज एकत्र नांदवण्यापूर्वी ती इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी.

‘नको’ म्हणण्याचे धैर्य

एवढे करून लाभ काय? प्रामाणिक उत्तर असे, की ज्याचा संगणक कार्यालयीन काम, अभ्यास आणि अधूनमधून खेळ यांसाठी आहे, त्याला जलशीतनाची गरज नाही. किलोभर वजनाचा चांगला हवाई कूलर मध्यम प्रोसेसरला निवांत सांभाळतो आणि त्यात बिघडण्यासारखा भाग एकच, तो म्हणजे पंखा. तासन्तास व्हिडिओ संपादन, त्रिमितीय चित्रांकन किंवा मोठ्या ग्राफिक्स कार्डावर खेळ करणाऱ्याला पाण्याचा उपयोग आहे. उरलेल्यांसाठी ही हौस आहे. हौसेला मोल नसते हे खरे. पण ती हौसच आहे, हे मित्राला आधी सांगितले पाहिजे. बहुतेक कंपन्यांच्या हमीपत्रात द्रवामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, हेही त्याला कळले पाहिजे.

ज्याला स्वतः देखभाल करायची नाही, त्याला बंदिस्त संच सुचवावा. त्यात पाणी भरावे लागत नाही. मात्र तोही अमर नाही. नळीच्या भिंतीतून पाणी अतिशय हळू उडत राहते आणि काही वर्षांनी संच बदलावा लागतो. उघडी फेरी हवी असेल, तर एक कागद लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा. महिन्याला टाकीतली पातळी पाहणे. तीन महिन्यांनी जाळ्या आणि रेडिएटर झाडणे. वर्षातून एकदा पाणी बदलणे. पाणी गढूळ दिसले, पंपाचा आवाज बदलला किंवा तापमान विनाकारण चढले, तर संगणक लगेच बंद करणे. पाणी कोणत्या तारखेला भरले आणि कोणते मिश्रण वापरले, हेही त्यावर असावे.

असा कागद चिकटवलेला संगणक पहिल्या रात्री इतरांहून अधिक झळाळत नाही. छायाचित्रात तो कागद दिसतही नाही. पण दोन उन्हाळे उलटल्यावर, दिव्यांचे कौतुक संपल्यावर आणि कडक नळ्या वाकवणारा दुसऱ्या शहरात नोकरीला गेल्यावरही मित्राचा संगणक चालू असतो, तो त्या कागदामुळे. मित्राच्या संगणकात पाणी खुशाल सोडावे. जबाबदारीवर मात्र सोडू नये.